फारकतीचा कागद आणि कोर्टाचा हुकूमनामा

तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात झेरॉक्सच्या टपरीशेजारी टायपिस्ट बसलेला असतो. त्याच्या संगणकात खरेदीखताचा, प्रतिज्ञापत्राचा तसा फारकतनाम्याचाही मसुदा तयार असतो. नावं, गावं आणि लग्नाची तारीख तेवढी बदलायची, पूर्वी शंभराच्या आणि आता पाचशेच्या मुद्रांकावर छापायचं, दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि नोटरीचा शिक्का मारून आणायचा. आम्ही उभयता राजीखुशीने वेगळे होत आहोत, यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहणार नाही, असा एकूण मजकूर. अर्ध्या तासात काम होतं. लग्न मात्र होतं तिथंच राहतं.

घटस्फोटाविषयी जे गैरसमज आहेत, त्यांत सगळ्यांत महागात पडणारा हा. हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्याखाली येणारं लग्न नवरा-बायकोपैकी एकाच्या मृत्यूने संपतं, नाहीतर कोर्टाच्या हुकूमनाम्याने. नोटरी सही कोणी केली एवढंच सांगतो. लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही. कलम २९ मध्ये रूढीने होणाऱ्या काडीमोडीला जागा ठेवली आहे हे खरं, पण ती रूढी त्या जातीत पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे हे वेळ आल्यावर कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. ‘आमच्यात असंच करतात’ एवढ्याने भागत नाही. जातपंचायतीने बसून सोडचिठ्ठी दिली आणि न मानणाऱ्याला वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राच्या २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने पंचच आरोपी होतात.

या कागदाचा फटका लगेच बसत नाही. नवरा दुसरं लग्न करतो, संसार होतो, मुलं होतात. तो नोकरीत असताना वारला की कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जावर दोन बायका समोरासमोर येतात आणि तेव्हा कळतं की दुसरं लग्न मुळात झालंच नव्हतं. कलम १६ मुळे त्या लग्नाची मुलं औरस ठरतात, बापाच्या मालमत्तेत त्यांना हक्क मिळतो. पण त्यांच्या आईच्या हाती काही उरत नाही. शिवाय पहिली जोडीदार हयात असताना आणि लग्न कायद्याने मोडलेलं नसताना दुसरं करणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मग आपल्याला लागू कायदा कोणता? हा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि वकिलाने तो पहिल्यांदा विचारावा लागतो. हिंदू विवाह कायद्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात. अनुसूचित जमातींना मात्र केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो लागू नाही, त्यामुळे भिल्ल, गोंड, वारली यांच्यात रूढीचं वजन आजही मोठं आहे. ‘आमचं रजिस्टर लग्न आहे’ म्हणणाऱ्यांचा हमखास घोळ होतो. मांडवात सप्तपदी करून नंतर महापालिकेत नोंदवलेलं लग्न हे धार्मिक लग्नच राहतं. ती नोंद राज्याच्या १९९८च्या नोंदणी कायद्याखालची असते. विवाह अधिकाऱ्यासमोर, तीस दिवसांची नोटीस लावून केलेलं लग्न १९५४च्या विशेष विवाह कायद्याचं. त्याचा घटस्फोटही त्याच कायद्याने. म्हणून प्रमाणपत्राच्या डोक्यावर कोणत्या कायद्याचं नाव छापलंय ते आधी वाचावं.

मुस्लिम स्त्रीला १९३९च्या कायद्याने कोर्टात जाऊन विवाह रद्द करून घेता येतो. नवरा चार वर्षं बेपत्ता असणं, दोन वर्षं त्याने खर्चाला न देणं अशी त्याची कारणं त्यात लिहिलेली आहेत. खुला (बायकोच्या मागणीवरून) आणि मुबारत (दोघांच्या सहमतीने) हे मार्ग वेगळे. एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये बाद ठरवला आणि २०१९च्या कायद्याने तो गुन्हा झाला. ख्रिस्ती जोडप्यांना १८६९चा कायदा लागतो. चर्चच्या न्यायासनाने लग्न रद्दबातल ठरवलं तरी दिवाणी कायद्याच्या लेखी ते उभंच असतं, हे बऱ्याच जणांना दुसऱ्या लग्नाच्या वेळी कळतं. पारशांचं तर वेगळंच आहे. मुंबईत त्यांच्या विवाह न्यायालयात न्यायाधीशाबरोबर समाजातले प्रतिनिधी बसतात. ज्युरीची पद्धत देशातून गेली, पण तिची ही एक शाखा अजून हिरवी आहे. गोव्याचा कायदाही निराळा, त्याकडे मालमत्तेच्या ओघात येऊ.

दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर काम सोपं आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली कलम १३ब घातलं गेलं, आणि सहमतीने घटस्फोटाची वाट तेव्हा उघडली. अट अशी की अर्जाआधी किमान वर्षभर दोघं वेगळे राहिलेले असावेत. वेगळे म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. मुंबईत दुसरं घर परवडत नाही म्हणून एकाच छपराखाली दोन खोल्यांत राहणारेही यात बसू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटलं आहे. संयुक्त अर्ज दाखल झाला की समुपदेशकाकडे जावं लागतं. त्यानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं की आमचा विचार कायम आहे. हे सहा महिने सक्तीचे नाहीत, कोर्ट ते माफ करू शकतं, हे २०१७ मध्ये ठरलं. पण अर्जाआधीच पुरेसा काळ, म्हणजे साधारण दीड वर्ष, वेगळं राहणं झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी व मुलांचा ताबा यांचा निकाल आपसांत लागलेला असावा, तरच. परदेशी असलेल्याला व्हिडिओ कॉन्फरन्सवरून हजर राहता येतं. आईवडील किंवा भावंडांमार्फत बाजू मांडायलाही कोर्ट परवानगी देऊ शकतं.

अर्जाबरोबर जोडतात त्या सहमतीच्या अटी मात्र नीट वाचा. सगळा जीव त्या तीन-चार पानांत असतो. रक्कम किती, ती कितव्या तारखेला कोणत्या हप्त्यात, शेवटचा हप्ता हुकूमनाम्याच्या आधी की नंतर, फ्लॅटचं कर्ज कोण फेडणार, सोसायटीच्या भागपत्रावरून नाव कोण कमी करणार, एकमेकांवर दाखल केलेल्या फौजदारी तक्रारी कधी मागे घ्यायच्या, मूल दिवाळीत कोणाकडे आणि मे महिन्यात कोणाकडे, त्याच्या पासपोर्टवर सही कोणाची. ‘मुलाला वडिलांना भेटू दिले जाईल’ एवढंच वाक्य लिहून सह्या करणारी जोडपी वर्षभरात पुन्हा कोर्टात दिसतात. बायको स्वतःची पोटगी सोडून देऊ शकते. मुलाचा खर्च सोडून द्यायचा अधिकार तिला नाही, कारण तो हक्क मुलाचा आहे. आणि हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते. सगळी रक्कम आधीच मोजून देणं किंवा सगळ्या तक्रारी आधीच मागे घेणं म्हणूनच शहाणपणाचं नाही.

एकाला घटस्फोट हवा आणि दुसऱ्याला नको, तिथं चिखल सुरू होतो. कायद्याला तिथं कारण लागतं आणि कारण म्हणजे समोरच्याचा दोष. व्यभिचार, क्रूरता, किमान दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, बरा न होणारा मनोविकार अशी यादी कलम १३ मध्ये आहे. कुष्ठरोगही त्यात होता. तो काढायला २०१९ उजाडलं. प्रत्यक्षात अर्ज येतात ते बहुतांशी क्रूरता आणि परित्यागाचे, आणि ही दोन्ही कारणं घटस्फोटासाठी उपलब्ध झाली तीही १९७६ मध्येच. त्याआधी त्यांच्यावर फक्त न्यायिक विभक्तता मिळत असे. गंमत अशी की मुंबई प्रांताने स्वतःचा हिंदू घटस्फोट कायदा १९४७ मध्येच केला होता, केंद्राच्या आठ वर्षं आधी.

क्रूरता म्हणजे काय, याचं देशभरातल्या वकिलांना पाठ असलेलं उत्तर पुण्यातल्या एका संसारातून आलं. दास्ताने विरुद्ध दास्ताने हा खटला १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. खुनाच्या खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथं लागत नाही, जे घडलं असण्याचा संभव अधिक ते पुरे, असं न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी त्यात सांगितलं. पत्नीचं वागणं क्रूरतेत बसतं असंही म्हटलं. तरीही नवऱ्याच्या पदरात काही पडलं नाही, कारण त्यानंतरही दोघं पती-पत्नी म्हणून राहिले होते आणि त्याने ते माफ केलं असं धरलं गेलं. आजही अर्ज लिहिताना वकील शेवटच्या घटनेची तारीख खोदून खोदून विचारतात, ती यामुळे.

नवऱ्याची बाजू पुष्कळदा ‘नांदायला ये’ अशा नोटिशीने सुरू होते. कलम ९ खाली सहवासाचा हक्क परत मागता येतो. हा हक्क इंग्रजांच्या कोर्टांबरोबर आपल्याकडे आला आणि त्याला जाहीर नकार मुंबईत रखमाबाईंनी दिला. ११ वर्षांची असताना झालेलं लग्न त्यांनी मानलं नाही. मार्च १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं, तेव्हा तुरुंग चालेल म्हणाल्या. पुढे तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. आज त्या हुकूमनाम्यासाठी कोणाला तुरुंगात टाकत नाहीत, कोणाला हाताला धरून घरीही आणता येत नाही. पण तो मिळाल्यावर वर्षभरात सहवास सुरू झाला नाही, तर तेच घटस्फोटाचं कारण होतं. नोटीस बघून हातपाय गाळू नयेत, आणि तिला उत्तर न देता कपाटातही ठेवू नये. गप्प बसणाऱ्यावर परित्यागाचा आरोप सोपा होतो.

मग ‘आमचं मुळी पटतच नाही’ हे कारण का नाही? विधी आयोगाने ते १९७८ मध्ये सुचवलं, २००९ मध्ये पुन्हा सुचवलं. विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की संसार सावरण्यापलीकडे मोडला असेल तर सर्वोच्च न्यायालय अनुच्छेद १४२ खाली घटस्फोट देऊ शकतं. पण हा अधिकार फक्त त्या न्यायालयाचा. परभणीच्या किंवा सांगलीच्या न्यायाधीशाला तो नाही. परिणाम असा की दहा वर्षं तोंड न पाहिलेल्या जोडप्यालाही एकमेकांचा दोष शोधावा लागतो. व्हॉट्सॲपचे संदेश छापून आणायचे, शेजाऱ्याला साक्षीला उभं करायचं, आणि जुलै २०२५ च्या निकालानंतर गुपचूप ध्वनिमुद्रित केलेलं संभाषणही पुराव्यात लावायचं. कायद्याच्या कलम २१ब मध्ये लिहिलंय की अशा अर्जाचा निकाल शक्यतो नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत लावावा. कोर्टाच्या व्हरांड्यात हे कोणाला वाचून दाखवावं, तर लोक हसतील. माझ्या मते या लांबणीत न्यायाधीशांच्या अपुऱ्या संख्येइतकाच वाटा दोष सिद्ध करायला लावणाऱ्या या रचनेचाही आहे. भांडून भांडून दमलेली माणसं अखेर त्याच अर्जाचं सहमतीच्या अर्जात रूपांतर करून घेतात, आणि मधली वर्षं फुकट जातात.

आता पैसा. ‘पगाराच्या पंचवीस टक्के पोटगी’ असं कट्ट्यावर ठामपणे सांगितलं जातं. असा कोणताही कायदा नाही. एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो आकडा वाजवी म्हटला, एवढंच. रक्कम ठरते ती दोघांचं उत्पन्न, राहणीमान, अवलंबून असलेली माणसं, मुलांचं शिक्षण आणि नोकरी सोडून घरात घालवलेली वर्षं यांवर. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणाने यात शिस्त आणली. अंतरिम पोटगीचा अर्ज २०१३चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर २०२०चा. म्हणजे तात्पुरत्या सोयीसाठी सात वर्षं. त्या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र सक्तीचं केलं. बँक खाती, विमा, म्युच्युअल फंड, कर्जं, महिन्याचा खर्च, सगळं त्यात मांडावं लागतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते हेही ठरलं, त्यामुळे तारखा पाडून पैसे वाचवण्याची खोड निदान कागदावर तरी मोडली. शेती आहे पण सातबारा भावाच्या नावावर, धंदा आहे पण विवरणपत्रात तोटा, असली उत्तरं शपथेवर देणं आता जोखमीचं आहे.

मार्ग एकाहून जास्त आहेत. घटस्फोटाच्या अर्जातच कलम २४ खाली अंतरिम आणि कलम २५ खाली कायमची पोटगी मागता येते. ती नवराही मागू शकतो. कमावती बायको आणि काम करण्याच्या स्थितीत नसलेला नवरा असेल तर कायदा त्याच्याही बाजूला आहे. दुसरा मार्ग जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५चा, जो आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. घटस्फोट झालेली आणि पुन्हा लग्न न केलेली बायकोही तिथं दाद मागू शकते. मुस्लिम घटस्फोटितेलाही तो खुला आहे, हे जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं. तिसरा मार्ग २००५च्या घरगुती हिंसाचार कायद्याचा. तिन्हीकडे अर्ज करता येतो, पण एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे उघड करावी लागते; दुप्पट वसुली होत नाही.

घराचा प्रश्न मात्र अनेक बायकांना चटका लावतो. हिंदू कायद्यात लग्नानंतर जमवलेली मालमत्ता दोघांची अर्धी-अर्धी, असा नियम नाही. फ्लॅट ज्याच्या नावावर त्याचा. नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत घटस्फोटित बायकोला वाटा नाही, मुलांना आहे. वीस वर्षं घर चालवलेल्या बाईला पोटगी मिळेल, भिंती मिळणार नाहीत. म्हणून खरेदीखतावर दोघांची नावं आणि हप्ता कोणाच्या खात्यातून जातो याची नोंद, या गोष्टी सगळं सुरळीत असतानाच करून ठेवाव्यात. गोव्यात चित्र निराळं आहे. पोर्तुगीजांनी १८६७ची नागरी संहिता तिथं आणली. तिच्यानुसार वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि वेगळं होताना निम्मी वाटली जाते. हिंदू असो, ख्रिस्ती असो वा मुसलमान. सिंधुदुर्गातल्या मुलीचं लग्न पेडण्यात झालं आणि नोंद गोव्यात लागली, तर घराचा हिशेब बदलू शकतो. समान नागरी कायद्यावर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी हा भाग जरा सावकाश वाचायला हरकत नाही.

मालकी नसली तरी राहण्याचा हक्क आहे. घरगुती हिंसाचार कायद्याखाली बायकोला सामाईक घरातून बाहेर काढता येत नाही, आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी काही परिस्थितीत हे संरक्षण मिळतं, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. दागिन्यांबाबत तर शंकाच नको. लग्नात माहेरहून आणि सासरहून तिला मिळालेलं स्त्रीधन तिचं एकटीचं, सासूने ते लॉकरमध्ये ठेवलं असेल तरी. अडचण पुराव्याची असते. सराफाच्या पावत्या, लग्नातले फोटो आणि देण्याघेण्याची याद हेच इथले साक्षीदार.

मुलांच्या ताब्यात आई-बाप दोघांचाही हक्क दुय्यम आणि मुलाचं हित मुख्य. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहावं असं १९५६चा पालकत्व कायदा सांगतो. पुढच्या वयात शाळा, घरातली माणसं, आई-बापाच्या कामाच्या वेळा आणि कळत्या वयाच्या मुलाची इच्छा हे सगळं पाहिलं जातं. बापाची कमाई जास्त म्हणून मूल त्याला मिळत नाही आणि आई नोकरी करते म्हणून तिचा हक्क जात नाही. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीचा हक्क असतो, आणि भांडण टोकाला गेलेलं असेल तर ही भेट कौटुंबिक न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत होते. भिंतीवर कार्टून, कोपऱ्यात तुटकी घसरगुंडी, खुर्चीत घड्याळाकडे बघणारा आजोबा. पोटगी थकली म्हणून भेट बंद करणं आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी थकवणं हे दोन्ही सर्रास चालतं. कायद्याला ही अदलाबदल मान्य नाही.

न्यू जर्सी किंवा लंडनच्या मराठी घरांतला प्रश्न थोडक्यात. तिथल्या कोर्टाने दिलेला घटस्फोट इथं आपोआप चालत नाही. लग्न हिंदू विवाह कायद्याचं असेल, तर घटस्फोटाचं कारण त्या कायद्यात बसणारं असावं आणि दोघांनीही त्या कोर्टात स्वेच्छेने, खऱ्या अर्थाने भाग घेतलेला असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं. एकट्या नवऱ्याने तिथं ‘पटत नाही’ म्हणून मिळवलेला आणि पुण्यातल्या बायकोला टपालाने आलेला हुकूमनामा इथं आव्हान देण्याजोगा असतो. दोघं राजी असतील तर इथल्या कोर्टात सहमतीचा अर्ज करून मोकळं व्हावं. पुढे मालमत्ता आणि दुसरं लग्न दोन्ही सुटसुटीत होतात.

आता काही सुटे नियम. लग्नाला वर्ष झालं नसेल तर घटस्फोटाचा अर्ज एरवी दाखल होत नाही. असह्य हालअपेष्टा असतील तर कोर्टाची परवानगी काढावी लागते. फसवणुकीने झालेलं लग्न रद्द करून घेण्याचा मार्ग वेगळा आहे, पण फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. वादात मिळालेल्या हुकूमनाम्यानंतर अपिलाची नव्वद दिवसांची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करू नये. खटला चालू असताना नवरा किंवा बायको वारली, तर दुसरा वारसच असतो. हुकूमनामा झाल्यावर भविष्य निर्वाह निधी, विमा आणि बँकेतली नामनिर्देशनं बदलावीत. ती आपोआप बदलत नाहीत. आडनाव बदलायची सक्ती कोणावरही नाही.

अर्ज कुठे करायचा हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. लग्न जिथं झालं तिथं, दोघं शेवटी जिथं राहिले तिथं किंवा समोरचा जिथं राहतो तिथं. शिवाय २००३ पासून बायकोला ती सध्या राहते त्या ठिकाणीही करता येतो. कौटुंबिक न्यायालय असेल तिथं अर्ज त्यात जातो. पुण्यात आणि मुंबईत ती १९८९ पासून आहेत. नसेल तिथं वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. महाराष्ट्रात वैवाहिक वाद आणि पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. वकील परवडत नाही म्हणून टपरीवरच्या मुद्रांकावर सही करू नका. स्त्रीला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि फोनवर विचारायचं तर क्रमांक १५१००.